निरोगी बाळांची डॉक्टरीण

विद्यार्थ्याची पारख केवळ परीक्षेवरून करू नये, असे आम्ही शिक्षक मंडळी नेहमी म्हणतो आणि तरीही वर्षाअखेरीस परीक्षा घेतोच. गायनाच्या वर्गात तर पुष्कळदा असे दिसते की, ज्या मुलाला एखादा राग पहिल्या वर्षी मुळीच उमगला नाही, तोच पुढे त्या रागाच्या असा मागे लागतो की, त्या रागानेच त्याला लोक ओळखू लागतात. आज ज्या बाईंचे चरित्र मी वाचकांपुढे ठेवीत आहे, त्यांच्या बाबतीत असेच घडले. न्यूयॉर्क येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना त्या एकाच विषयात नापास झाल्या. तो विषय होता निरोगी मूल. रोग आणि त्यांवरचे उपाय शिकण्यास आलेल्या या विद्यार्थिनीला वाटले की, ज्याला काही झालेलेच नाही अशा मुलाविषयी शिकण्यासारखे ते काय असणार? व्याख्यानांकडे तिने दुर्लक्ष केले. विषय शिकविणाऱ्या डॉ. ॲनी स्टर्जेस डॅनियल यांनी तिला बिनदिक्कत नापास केले. विषय पुन्हा घेणे भाग पडले, आणि दुसऱ्या खेपेस मात्र तिला त्याची गोडी लागली ती जन्मभराची. या विद्यार्थिनीचे नाव सारा जोसेफाइन बेकर. निरोगी मुलाला निरोगी ठेवणे हेच पुढे तिचे जीवितकार्य झाले.

जोसेफाइन यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८७३ रोजी हडसन नदीकाठच्या पोकीप्सी या गावी झाला. घर सुखवस्तू होते. वडील वकील, आणि आई त्याच गावातल्या व्हॅसर या स्त्रियांच्या महाविद्यालयात शिकलेल्या पहिल्यावहिल्या मुलींपैकी एक. मुलीनेही तेथेच जावे असे ठरल्यासारखेच होते. परंतु त्या सोळा वर्षांच्या असताना विषमज्वराने वडील गेले, आणि थोड्याच काळाच्या अंतराने धाकटा भाऊही गेला. घरची शिल्लक आटली. आई, बहीण आणि आपण स्वतः यांचा भार आता आपल्यालाच उचलावा लागणार, हे त्या मुलीने ओळखले आणि आपण डॉक्टर होणार असे जाहीर करून टाकले. नातलगांना हे खुळ वाटले. घरच्या ओळखीच्या डॉक्टरांनीही नाउमेद केले. तिने मात्र घरीच रसायन आणि जीवशास्त्र यांची पुस्तके वाचून तयारी केली.

मराठी वाचकाला येथे एका नावाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. जोसेफाइन नऊ वर्षांच्या होत्या त्या साली, म्हणजे जून १८८३ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या होत्या. कोवळ्या वयात पोटचे मूल जन्मानंतर काही दिवसांतच गेले, ते दुःख उराशी धरून त्या फिलाडेल्फियास शिकण्यास गेल्या, आणि १८८६ साली पदवी घेऊन निघाल्या. कोल्हापूर संस्थानाच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांची वाट पाहत होते. ते हाती घेण्यापूर्वीच फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास त्यांचा अंत झाला. जे काम करण्यास आनंदीबाईंना आयुष्य पुरले नाही, त्याच जातीचे काम एका परक्या देशात कसे उभे राहिले, हे पाहणे म्हणूनच आपल्याला सर्वस्वी परके वाटू नये.

ज्या महाविद्यालयात जोसेफाइन दाखल झाल्या, ते एलिझाबेथ आणि एमिली ब्लॅकवेल या भगिनींनी १८६८ साली काढलेले होते. थोरल्या एलिझाबेथबाई म्हणजे अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री. १८९८ साली जोसेफाइन आपल्या वर्गात दुसऱ्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. मग बॉस्टन येथे स्त्रिया व मुलांच्या रुग्णालयात एक वर्ष उमेदवारी केली. तेथील गरीब वस्तीत घरोघर जाऊन बाळंतपणे करताना रोगाचा आणि दारिद्र्याचा संबंध त्यांना प्रथम जवळून दिसला. न्यूयॉर्कला परतून एका मैत्रिणीसमवेत त्यांनी दवाखाना थाटला, पण पहिल्या सबंध वर्षाची मिळकत झाली १८५ डॉलर. तेवढ्यावर भागेना, म्हणून १९०१ साली नगरपालिकेच्या आरोग्य खात्याची परीक्षा देऊन त्यांनी निरीक्षकाची हलक्या पगाराची नोकरी धरली.

या नोकरीने त्यांना जे दाखविले ते भयंकर होते. १९०२ च्या उन्हाळ्यात हेल्स किचन नावाच्या गलिच्छ वस्तीत आजारी तान्ही मुले शोधून काढण्याचे काम त्यांच्याकडे आले. पाच-पाच, सहा-सहा मजल्यांच्या चाळी, खिडकी नसलेल्या अंधाऱ्या खोल्या, एका खोलीत दोन-दोन कुटुंबे, आणि उन्हाळ्याची तलखी. त्या काळी शहरात उन्हाळ्याच्या दिवसांत आठवड्याला पंधराशेपर्यंत तान्ही मुले दगावत, असा आकडा बाईंनी आपल्या आत्मचरित्रात दिला आहे. मुख्य रोग होता हगवण. त्याचे मूळ बव्हंशी दुधात असे. लांबच्या गोठ्यातून आगगाडीने येणारे दूध वाटेत तापे, दुकानात उघड्या कॅनमध्ये माशांच्या स्वाधीन असे, त्यात पाणी आणि पाणी लपविण्यासाठी खडूची पूड मिसळलेली असे. असे दूध पोटात गेलेल्या तान्ह्याच्या अंगातले पाणी एक-दोन दिवसांत आटून जाई. बाई जिने चढून चढून थकत. वरच्या मजल्यावर पोहोचावे तो मूल हाती लागण्यापलीकडे गेलेले असे. त्याहूनही त्यांच्या मनाला लागली ती आयांची मुकाट स्वीकृती. उन्हाळा आला की काही मुले जायचीच, असे त्या माउल्या धरून चालत. आपल्याकडच्या जुन्या बायका किती झाली आणि किती राहिली हे दोन आकडे जसे एका दमात सांगत, तसेच ते होते.

मधल्या काळात एका प्रकरणाने त्यांचे नाव वर्तमानपत्रांत आले. १९०७ साली मेरी मॅलन नावाच्या स्वयंपाकिणीने ज्या ज्या घरी काम केले, त्या त्या घरी विषमज्वर निघतो, असा संशय आला. बाई स्वतः धडधाकट होती. तिच्या तपासणीसाठी बेकरबाईंची योजना झाली. मेरी काटा घेऊन अंगावर धावली आणि पळाली. पोलिसांच्या मदतीने काही तासांनी ती सापडली, तेव्हा तिला रुग्णालयात नेणाऱ्या गाडीत बेकरबाई वाटभर तिच्या अंगावर बसून राहिल्या. ज्या रोगाने वडील नेले, तो रोग एका निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या हातून कसा पसरतो, हे त्यांनी पाहिले. दुखणे अंथरुणाशी येऊन ठेपल्यावर धावण्यात फार उशीर झालेला असतो, हा त्यांचा विचार त्यामुळे अधिकच पक्का झाला असावा, असे मला वाटते.

हा विचार कसोटीस लावण्याची संधी १९०८ च्या उन्हाळ्यात मिळाली. शाळांना सुटी लागली की, शाळांतून फिरणाऱ्या परिचारिका मोकळ्या होत. त्यांपैकी तीस जणी बाईंनी मागून घेतल्या. पूर्व भागातली, बहुतांशी इटालियन लोकांची, दाट वस्तीची एक पेठ निवडली. रोजच्या जन्मनोंदीच्या चिठ्ठ्या खात्याकडून येत. त्या घेऊन परिचारिका लगोलग त्या घरी जाई. मूल आजारी आहे का हे पाहण्यासाठी नव्हे, तर ते आजारी पडू नये म्हणून. सांगावयाच्या गोष्टी अगदी साध्या होत्या. शक्य तोवर अंगावरचेच दूध पाजा. खिडकी उघडी ठेवा. रोज आंघोळ घाला. उकाड्यात मुलाला लोकरीत गुंडाळू नका. दिवसातून थोडा वेळ मोकळ्या हवेत न्या. यात औषधाचा एक थेंब नव्हता. परिचारिका एकदा सांगून थांबत नसत. त्या पुन्हा पुन्हा जात आणि आईच्या हातून करवून घेत.

उन्हाळा सरला आणि हिशेब मांडला गेला. त्या पेठेत आदल्या उन्हाळ्यापेक्षा बाराशे मृत्यू कमी झाले होते. शहराच्या इतर भागांत असा काही फरक पडला नव्हता. या बाराशे मुलांचा विचार मी पुष्कळदा करतो. ती कोणती, हे कोणालाच कधी कळले नाही. ज्याचा ताप उतरला त्याची आई डॉक्टरला दुवा देते, पण ज्याला ताप आलाच नाही त्याच्या आईने कोणाला दुवा द्यावा? तंबोऱ्यासारखे हे काम आहे. तो मिळालेला असतो तोवर श्रोत्यांचे त्याच्याकडे लक्षही जात नाही.

त्याच साली, ऑगस्टमध्ये, शहराने बालआरोग्याचे स्वतंत्र खाते काढले आणि त्याचे प्रमुखपद बेकरबाईंना दिले. सरकारी पैशाने चालणारे अशा प्रकारचे हे जगातले पहिलेच खाते मानले जाते. त्यांच्या हाताखाली सहा पुरुष डॉक्टर नेमले होते. बाईच्या हाताखाली काम करावयाचे नाही म्हणून सहाही जणांनी राजीनामे पुढे केले. बाईंनी वाद घातला नाही. एक महिना काम करून पाहा, नाही पटले तर खुशाल जा, एवढेच त्यांनी सुचविले. महिना संपला आणि सहाही जण राहिले. पुरुषांच्या कचेरीत आपले बाईपण कोणाच्या नजरेत खुपू नये म्हणून त्या साधा शिवलेला कोट, ताठ कॉलर आणि टाय असा पेहराव करीत. सहीदेखील नुसत्या आद्याक्षरांनी करीत. आपण कोण आहोत याहून आपले काम काय आहे, याकडे लोकांचे लक्ष राहावे, हा त्यांचा हिशेब होता.

आता त्यांच्या कामाची रीत पाहू, कारण खरी शिकण्याची गोष्ट तेथे आहे. माझे वडील दरबारी गवई. त्या पिढीत विद्या घराबाहेर सहसा जात नसे. १९१८ साली भातखंड्यांच्या योजनेने आणि माधवराव महाराजांच्या आश्रयाने येथे ग्वाल्हेरात संगीत विद्यालय निघाले. कारकुनाच्या आणि दुकानदाराच्या मुलालाही ठराविक क्रमाने गाणे शिकता येऊ लागले, तेव्हा विद्या स्वस्त होईल अशी कुरकुर जुन्या मंडळींत झालीच. बेकरबाईंनी वैद्यकात केले ते याच जातीचे. मूल सांभाळण्याचे शास्त्र त्या वेळी नव्हते असे नाही. मोठ्या डॉक्टरांना ते अवगत होते. परंतु मूल ज्यांच्या हातात होते, त्या हातांपर्यंत ते पोहोचले नव्हते. ते कोणाकोणाचे हात आहेत, हे बाईंनी नीट पाहिले आणि एकेकाला शिकवीत गेल्या.

पहिले हात सुइणीचे. न्यूयॉर्कच्या परदेशी वस्त्यांतली बाळंतपणे मोठ्या प्रमाणावर सुइणीच करीत. पुरुष डॉक्टर बोलावणे त्या घरांना परवडतही नसे आणि रुचतही नसे. सुइणीचा धंदाच बंद करावा, असा अनेक बड्या डॉक्टरांचा आग्रह होता. बाईंचा विचार निराळा पडला. सुईण बंद केली तर बाळंतीण डॉक्टरकडे जाणार नाही, शेजारणीकडे जाईल, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी परवान्याची पद्धत आणली, सुइणींची पिशवी आणि घर यांची तपासणी सुरू केली. १९११ साली शहराच्या बेलव्ह्यू रुग्णालयाशी जोडलेली सुइणींची शाळा निघाली. शिकलेल्या सुइणीच्या हातचे घरचे बाळंतपण हे डॉक्टरच्या हातच्या बाळंतपणापेक्षा कमी सुरक्षित नसते, हे त्या आकडे पुढे ठेवून सांगत राहिल्या.

सुइणीच्या पिशवीतल्या एका लहानशा वस्तूने तर केवढे काम केले! जन्माच्या वेळी आईकडून काही जंतू मुलाच्या डोळ्यांत जाऊन मूल कायमचे आंधळे होई. लाइपझिगच्या क्रेडे नावाच्या डॉक्टरांनी त्यावर उपाय १८८० च्या सुमारास दाखवून दिला होता. सिल्व्हर नायट्रेटचा सौम्य द्रव डोळ्यांत थेंबभर घातला की काम होई. अडचण होती बाटलीची. उघडझाक होऊन ती घाण होई, किंवा आतले पाणी उडून द्रव इतका तीव्र होई की, वाचवावयाचे डोळे त्यानेच भाजावेत. बेकरबाईंनी मधमाशीच्या मेणाच्या इवल्याशा कुप्या करविल्या. एका कुपीत एका डोळ्यापुरते औषध, एका मुलाला दोन कुप्या. टोचून पिळावयाची आणि टाकून द्यावयाची. चूक होण्यास जागाच ठेवली नाही. शहरात अशा अंधत्वाची वर्षाला तीनशेच्या घरातली संख्या दोन वर्षांत तीनवर आली, असे त्यांच्या खात्याच्या कामाबद्दल नमूद आहे. पुढे प्रतिजैविकांच्या मलमाने या औषधाची जागा घेतली, परंतु जन्मतः डोळ्यांची काळजी घेण्याची ही रीत टिकून राहिली.

दुसरे हात आईचे. तिच्यासाठी शहरात ठिकठिकाणी बाळ-आरोग्य केंद्रे निघाली. निर्जंतुक दूध स्वस्त विकण्याची केंद्रे नेथन स्ट्रॉस या दानशूर व्यापाऱ्याने १८९३ पासूनच चालविली होती. बाईंच्या खात्याने दुधाच्या निमित्ताने आईला केंद्रावर आणले आणि मुलाचे वजन घेण्याची, सल्ला देण्याची जोड दिली. कपड्यांकडेही त्यांचे लक्ष गेले. तेथील तान्ह्यांना पाठीमागे बंद होणारे, डोक्यावरून चढवावयाचे, पुष्कळ पदरी कपडे घालीत. मूल रडे, आई कंटाळे, आणि उकाड्यातही तोच जामानिमा राही. बाईंनी पुढून सबंध उघडणारा सुटसुटीत कपडा बेतला. आपल्याकडच्या बंदांच्या झबल्याची ज्यांना सवय आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. तेथे मात्र एका नामांकित कंपनीने तो बेत कागदी नमुन्याच्या रूपात विकण्यास घेतला, आणि एका विमा कंपनीने वाटण्यासाठी त्याच्या दोन लाख प्रती मागविल्या.

तिसरे हात सर्वांत लहान, आणि हेच मला शिक्षक म्हणून सर्वांत मोठे वाटतात. गरिबाघरची आई दिवसभर कारखान्यात किंवा शिवणकामात असे, आणि मूल खरोखर सांभाळी ती दहा-बारा वर्षांची ताई. कडेवर भाऊ घेऊन फिरणारी ही ताई आपल्या कोणत्या गल्लीत नाही? तिला मूल सांभाळू देऊ नये, असे म्हणणे सोपे होते आणि निरुपयोगीही. बाईंनी शाळाशाळांतून या मुलींचे वर्ग काढले. त्यांचे नाव लिटल मदर्स लीग, म्हणजे छोट्या आयांचे मंडळ. बाळाला कसे धरावे, न्हाऊ कसे घालावे, दूध कसे तापवावे आणि झाकावे, हे त्यांच्या हातून करवून घेत. मुलींना छातीवर लावावयास बिल्ला मिळे. या पोरी मग नुसत्या घरी थांबल्या नाहीत, शेजारीपाजारी जाऊन थोरामोठ्यांना समजावू लागल्या. ज्या आईला इंग्रजी येत नव्हते, तिला तिच्याच भाषेत सांगणारी तिची लेक होती. लहानपणी हाताला लागलेले वळण किती खोल जाते, हे बोटाला मिजराब किंवा गळ्याला स्वर लावणाऱ्याला वेगळे सांगावयास नको.

आणखी एक प्रश्न अनाथ तान्ह्यांचा होता. संस्थेच्या स्वच्छ, शिस्तशीर दालनात ठेवलेली ही मुले जवळजवळ निम्मी दगावत. बाईंनी ती गरीब वस्तीतल्याच, पण मुले वाढविण्यात मुरलेल्या बायांकडे सांभाळण्यास दिली. चाळीतल्या त्या खोल्यांत, कोणाच्या तरी मांडीवर, ती अधिक जगू लागली. स्वच्छतेचा एवढा आग्रह धरणाऱ्या बाईंना स्वच्छता पुरेशी नाही, मुलाला कुशी लागते, हे मान्य करण्यात कमीपणा वाटला नाही.

अशा कामाला विरोध कोण करील, असे वाचकाला वाटेल. तो झाला. ब्रुकलिन भागातल्या तीसाहून अधिक डॉक्टरांनी नगराध्यक्षांकडे अर्ज केला की, हे खाते बंद करावे, कारण मुले निरोगी राहू लागल्याने आमचा धंदा बुडत चालला आहे. अर्ज वाचून बाई संतापल्या नाहीत. आपल्या खात्याला मिळालेले याहून मोठे प्रशस्तिपत्र दुसरे नाही, असे त्यांनी वरिष्ठांना कळविले. पण हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नाही. आजाराभोवती कमाई उभी राहिली की निरोगी मूल कोणाच्या तरी डोळ्यांत खुपू लागते, हे त्या अर्जाने उघड केले. एवढ्यासाठीच अशा कामाला सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक खाते लागते.

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयाने बालआरोग्यावर व्याख्याने देण्याची त्यांना विनंती केली, तेव्हाचा प्रसंग असाच मासलेवाईक आहे. तेथे सार्वजनिक आरोग्याची डॉक्टरेट नव्याने सुरू झाली होती. व्याख्याने देते, पण मला विद्यार्थिनी म्हणूनही दाखल करून घ्या, अशी अट बाईंनी घातली. स्त्रियांना प्रवेश नाही, असे उत्तर आले. मग व्याख्यात्रीही स्त्री नको, असे म्हणून बाई स्वस्थ बसल्या. वर्षभर शोधूनही या विषयाचा दुसरा जाणकार सापडला नाही. शेवटी विद्यापीठाने माघार घेतली आणि त्यांच्याबरोबर इतर स्त्रियांनाही दार उघडले. १९१७ साली बाईंनी ती पदवी घेतली. तेथे ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. काही विद्यार्थी त्यांची टवाळी करीत, तरी पंधराएक वर्षे त्या तेथे शिकवीत राहिल्या.

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा बाईंनी एक हिशेब लोकांपुढे मांडला. आघाडीवरच्या शिपायांत मरणाचे प्रमाण शेकडा चार आहे, आणि आपल्या देशात जन्मलेल्या तान्ह्यांत ते शेकडा बारा आहे. अर्थात खंदकातला शिपाई पाळण्यातल्या बाळापेक्षा सुरक्षित आहे. सैन्यभरतीत नापास होणाऱ्या तरुणांची व्यंगे बालपणीच टळण्याजोगी होती, हेही दिसून आले. जे काम दयेच्या नावाने होत नव्हते, ते राष्ट्राच्या गरजेच्या नावाने होऊ लागले. १९२१ साली माता व बालकांच्या आरोग्यासाठी केंद्र सरकारचे अनुदान देणारा शेपर्ड-टाउनर कायदा झाला. डॉक्टरांच्या संघटनेने त्याला विरोध केला, आणि १९२९ साली तो बंद पडला. बाईंनी स्वतः १९२३ सालीच निवृत्ती घेतली होती.

त्या निवृत्त झाल्या तेव्हाचे आकडे बोलके आहेत. न्यूयॉर्क शहरात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी पहिल्या वर्षात दगावणारी मुले १९०८ साली १४४ होती, १९१८ साली ८८ झाली, आणि १९२३ साली ६६. हे सारे श्रेय एकट्या बेकरबाईंचे नव्हे. दूध तापवून निर्जंतुक करण्याची सक्ती, शुद्ध पाणी, सुधारलेल्या चाळी, वाढती मजुरी, या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. परंतु हे सारे उंबरठ्याच्या आत नेऊन आईच्या हातात ठेवण्याचे काम त्यांच्या परिचारिकांनी केले, यात शंका नाही. १९३९ साली त्यांनी आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले, आणि २२ फेब्रुवारी १९४५ रोजी त्या वारल्या. विषमज्वर पसरविणाऱ्या मेरीचे नाव जगभर झाले. तिला धरणाऱ्या आणि नंतर हजारो मुले वाचविणाऱ्या बाईंचे नाव मात्र मागे पडले. मरणाची बातमी होते, जगण्याची होत नाही.

ही वाट आपल्याकडे कोणी चाललेच नाही असे नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून खेड्यातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, अंगावर पाजण्यास आईला मदत करणे, आणि जंतुदोषाची लक्षणे ओळखून वेळीच औषध देणे, ही कामे या आरोग्यदूत घरी जाऊन करू लागल्या. ३९ खेड्यांतला हा प्रयोग काही वर्षांतच इतका फळला की, नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या खेड्यांपेक्षा निम्म्याहून अधिक घटले. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगाने त्यांची दखल घेतली. २००५ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांची योजना आली, आणि २०११ पासून घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचे काम त्यांच्याकडे सोपविले गेले. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने जावे, असा तो क्रम आहे. न्यूयॉर्कच्या त्या तीस परिचारिकांचीच ही पावले आहेत, असे मला वाटते.

काम संपलेले नाही. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत देशाचा बालमृत्यूचा दर हजारी २८ होता, आणि ज्या प्रांतात आपले हे शहर आहे त्या मध्य प्रदेशाचा ४३. म्हणून वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते. आपल्या घरी, आपल्या गल्लीत नवे मूल आले आणि वही, वजनकाटा घेऊन एखादी बाई दारात उभी राहिली, तर घरी सारे ठीक आहे म्हणून तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवू नये. सारे ठीक असते तेव्हाच तिला यावयाचे असते. तिला आत बोलवावे, बसावयास द्यावे, बाळ तिच्या हातात द्यावे आणि ती काय सांगते ते घरातल्या धाकट्या ताईलाही जवळ बसवून ऐकवावे.